फोटोतला डाग

वेल्डिंगच्या पुस्तकासाठी चांगले फोटो मिळवणं अवघड असतं, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. सुरतेत वेल्डिंगला काय तोटा? नवागामातल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की पहिल्याच वळणावर ग्रिलवाला, त्याच्या पुढे टेम्पोच्या बॉड्या जोडणारा, त्याच्या समोर कापडाच्या लूमच्या मोडक्या फ्रेमा सांधणारा. दिवसभर निळा उजेड भिंतींवर नाचत असतो आणि बायका पोरांना तिकडे बघू नका म्हणून दटावत असतात. इतकं सगळं दारात असताना फोटो हुडकायला कितीसा वेळ लागणार, असं मी प्रकाशकाला फोनवर ऐटीत म्हणालो होतो. त्या ऐटीची पुढे पुरती वाट लागली.

प्रकाशक धुळ्याकडचा. मी दिंडोलीजवळच्या एका छोट्या प्रशिक्षण केंद्रात वेल्डिंग शिकवतो. आमच्याकडची पोरं बहुतेक खानदेशातून आलेली. बाप लूमवर, आई धागे कापायला, आणि पोरगा लूमवर जायला नको म्हणून आमच्याकडे. पुस्तकं मिळतात ती गुजरातीत किंवा इंग्रजीत. पोरं इथे चार वर्षं राहिलेली असली तर गुजराती बोलतात झकास, पण वाचायला दिलं की माना खाली घालतात. म्हणून मराठीत एक पातळ पुस्तक करायचं ठरलं. रॉडचं वेल्डिंग, गॅसचं, सीओटू, आर्गन, आणि मोठ्या कारखान्यांत पावडरीखाली चालतं ते. प्रत्येक पद्धतीला एक असा फोटो, की पोराला तो बघूनच हात कुठे धरायचा ते कळावं. प्रकाशकाच्या अटी दोन. फोटो इंटरनेटवरून उचललेला नको, आणि फोटोतल्या माणसाच्या अंगावर हातमोजे, ॲप्रन, तोंडावर मास्क हे सगळं पाहिजे.

मला हे पुस्तक लवकर उरकायचं होतं. त्याचं कारण सांगून टाकतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. माझा उजवा डोळा आधीच गेलेला आहे. पूर्ण अंधार नाही. कडेकडेचं दिसतं, पण जिथे नजर लावावी तिथे करडा गोळा. डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग भाजला आहे, तो परत येत नाही. आमच्या वयाच्या वेल्डरांना यात नवल वाटत नाही. जोडाचा टाका मारायचा तर कोण मास्क ओढत बसतो. डोळे मिटायचे आणि मारायचा. कधी मिटायला अर्धा क्षण उशीर व्हायचा. मग संध्याकाळी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं, आणि बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहायचं. सकाळी परत कामावर. अशी माझी सगळी जवानी गेली.

डॉक्टर म्हणाले, डावा जपा. माझी रोजी त्या डाव्यावर आहे. पोरगं पट्टी जोडून आणतं, मी ती उजेडात धरतो आणि सांगतो की इथे हात थरथरला, इथे करंट जास्त झाला, इथे आत पोकळ राहिलं. हे सांगायला डोळा लागतो, दुसरं काही लागत नाही. ज्या मास्तरला टाका दिसत नाही त्याला केंद्र कशाला ठेवील? म्हणून मला वाटायचं, डावा शाबूत आहे तोवर हे पुस्तक हातावेगळं करावं, फोटो स्वतः पारखून घ्यावेत. पुढचं पुढे.

आधी मी इंटरनेटवरचेच फोटो बघितले, निदान नमुना म्हणून. डोक्याला ताप झाला. एका फोटोत परदेशी पोरगी, केस मोकळे, हातात टॉर्च अशी धरलेली जशी कुणी लग्नात माइक धरतं. एकात ठिणग्यांचा पाऊस, खाली लिहिलंय वेल्डिंग, आणि माणसाच्या हातात ग्राइंडर. एकात मास्क आहे पण काच वर उचललेली, आणि खाली आर्क, म्हणजे तो निळा उजेड, पेटलेला. तो माणूस खरंच तसा काम करत असेल तर आत्तापर्यंत माझ्या पंगतीला येऊन बसला असेल. मी फोन बंद केला आणि म्हटलं, आपली सुरत बरी.

हजीऱ्याला एका मोठ्या कारखान्यात आमचा एक जुना विद्यार्थी कामाला आहे. पावडरीखालचं वेल्डिंग बघायचं तर तिथेच. फाटकावर फोन काढून घेतले आणि कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून परत दिले. आत जाऊन मी सगळं डोळे भरून बघितलं आणि तसाच रिकामा बाहेर आलो. नाहीतरी त्या पद्धतीत आर्क पावडरीच्या ढिगाखाली झाकलेला असतो. फोटो काढून दिला असता तरी पोरांना वाटलं असतं की मास्तरांनी वाळूच्या ढिगाचा फोटो छापलाय.

मग गल्लीतले कारखाने धरले. प्रत्येकाला विचारलं की तुमच्याकडे कामाचे काही फोटो आहेत का. आहेत म्हणाले, आणि प्रत्येकाने मोबाईलमधून तोच एक फोटो काढून दाखवला: दसऱ्याचा. मशीन धुऊन पुसून ठेवलेलं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, समोर नारळ, मागे सगळे कारागीर इस्त्रीच्या शर्टात ओळीने उभे. मशीन बंद. वर्षभर माणूस ज्या मशीनवर वाकलेला असतो, त्याचा फोटो काढावासा त्याला वाटतो तो ते बंद असलं की. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. घामेजलेल्या बनियनमध्ये कुणाला फोटो काढून घ्यायचाय?

शेवटी फोटोग्राफर गाठला. नवागामातलाच, आमच्याच खानदेशाकडचा, इथेच वाढलेला. लग्नं, डोहाळजेवणं, जावळं याच्यावर त्याचं पोट. बोलताना मराठी, गुजराती, हिंदी एकाच ताटात वाढतो. मला काका म्हणतो. कॅमेरा भारी आहे आणि माणूस मनापासून काम करणारा. त्याला घेऊन मी ग्रिलवाल्याकडे गेलो.

ग्रिलवाल्याने आम्हाला बघितलं आणि काम थांबवलं. मास्क काढला, तोंड धुतलं, केस विंचरले आणि रॉडचा होल्डर छातीशी धरून हसत उभा राहिला. मी म्हटलं, बाबा, काम कर, तुझा नको, टाक्याचा फोटो पाहिजे. तो वाकला, पेटवलं, आणि फोटोग्राफरने कॅमेरा उचलताच मान वर करून पुन्हा हसला. फोटोग्राफरचंही तसंच. त्याची सवय वधू-वरांची. कुणी कॅमेऱ्याकडे पाठ केली की तो बेचैन व्हायचा आणि खांद्याला धरून वळवायचा. दोघांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

हातमोजे आणि ॲप्रनची वेगळीच कथा. अख्ख्या गल्लीत चामड्याचा एकच नवा जोड निघाला. टेम्पोवाल्याने तो तपासणीला साहेब आला तर म्हणून कपाटात ठेवला होता, दुकानाच्या घडीसकट. तो आम्ही मागून आणला. मग रॉडवाल्याने घालायचा, काढायचा, सीओटूवाल्याने घालायचा, काढायचा, आर्गनवाल्याने घालायचा. आर्गनवाला म्हणाला की यात बोटं वळत नाहीत, टाका वाकडा येईल. आला वाकडा. खरं काम होतं तेव्हा फोटो छापण्यालायक नव्हता, आणि छापण्यालायक केला की काम खोटं व्हायचं. त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तक काही होत नाही. आमचा हा धंदाच असा आहे की तो कुणाला दाखवता येत नाही.

तरी फोटो निघाले. आर्कचा उजेड इतका की कॅमेऱ्यात नुसता पांढरा भपका येतो, म्हणून मास्कमधली काळी काच काढून आम्ही कॅमेऱ्यापुढे धरली. युक्ती माझीच. दोन दिवसांनी फोटोग्राफर फोटो छापून घेऊन आला, तेही गणपतीचं चित्र असलेल्या लग्नाच्या छोट्या अल्बममध्ये घालून. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं. मी खिडकीशी गेलो आणि एकेक बघितला. हिरवट रंग, हात स्पष्ट, होल्डर स्पष्ट, मोज्यांची शिवण स्पष्ट. आणि जिथे टाका पडतो, बरोबर तिथे, एक मळकट डाग.

मी म्हटलं, काच पुसली नव्हतीस. तो म्हणाला पुसली होती. मी म्हटलं, मग हा डाग कसला? त्याने अल्बम हातात घेऊन बघितला आणि म्हणाला की डाग वगैरे काही नाही, फोटो क्लिअर आहे. मला राग आला. काम टाळायचं असलं की लोक असंच म्हणतात. आयुष्यभर मी पोरांच्या तोंडून हेच ऐकत आलोय, मास्तर, बरोबर तर आहे. मी त्याला सुनावलं की लग्नात नवरीची नथ नीट आली की लोक खूश होतात, इथे तसं चालत नाही, इथे टाक्याची एकेक लहर दिसली पाहिजे.

बिचारा पुन्हा आला. या वेळी कोरी काच आणली. पुन्हा डाग. मग मी म्हटलं की धूर असेल. आम्ही पंखा लावला. पुन्हा तेच. केंद्रातल्या एका सहकाऱ्याला मी फोटो दाखवले. त्याने चालता चालता बघितले आणि छान आहेत म्हणाला. छान आहेत म्हणणारे मला रोज भेटतात. पारखून बघणारा मी एकटा, असा माझा तोरा होता.

मग मी एक पक्का उपाय काढला. आर्क नको, उजेड नको, धूर नको, काचही नको. गार झालेल्या टाक्याचा फोटो काढू, दिवसाच्या उजेडात. आर्गनवाल्याने मोजे फेकून देऊन, आपल्या मनासारखा एक टाका घातला. पट्टी गार झाली. फोटोग्राफरने अगदी जवळून फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून मला दाखवला.

डाग तिथेच होता.

मी तेव्हाही समजलो नाही. समजायचं नव्हतं मला, दुसरं काय. मी त्याला म्हणालो की मग तुझी लेन्सच खराब आहे. तो म्हणाला, काका, याच लेन्सने परवा कोसाडला लग्न केलंय, आणि त्याने त्या लग्नातला एक फोटो काढून माझ्यापुढे धरला. नवरी एकटी, जवळून. मला मुंडावळ्या दिसल्या, कानातले झुबे दिसले, शालूची जर दिसली. मधे चेहऱ्यावर तोच मळका बोळा फिरलेला. मी म्हटलं, हे बघ, इथेही आहे, पोरीचं नाक-तोंड पुसलं गेलंय, आणि तिच्या घरच्यांनी घेतला कसा हा फोटो?

 एरवी प्रत्येक गोष्टीवर तीन भाषांत भांडणारा माणूस, त्याने गुपचूप कॅमेरा बॅगेत ठेवला. मग हळूच म्हणाला की बरोबर आहे काका, लेन्स दाखवून घेतो. त्याने मला हाताला धरून दुकानाची पायरी उतरवली. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं याला. मी जिंकल्यासारखा घरी आलो.

माझी बायको रिंग रोडवरच्या एका मार्केटमध्ये साड्या तपासते. गठ्ठ्यातून साडी उलगडायची, उजेडावर धरायची, कुठे धागा सुटलाय, कुठे छाप सरकलाय, कुठे तेलाचा थेंब पडलाय ते बघायचं आणि खुणेची पट्टी लावून बाजूला काढायची. तिच्या नजरेतून डाग सुटत नाही. दोन दिवसांनी फोटोग्राफर मी घरी नसताना येऊन तो अल्बम तिच्याकडे देऊन गेला. काय बोलला ते तिने मला सांगितलं नाही. मी आलो तेव्हा ती ओट्याशी भाकरी थापत होती आणि अल्बम पलंगावर होता.

मला वाटलं, बरं झालं, आता घरचीच पारख करून घेऊ. भाकऱ्या झाल्यावर तिला म्हटलं की तू बघ आणि त्यातल्या त्यात कमी डागाचे निवड, प्रकाशक रोज फोन करतोय. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि दाराजवळच्या उजेडात जाऊन बसली. एकेक फोटो ती साडीसारखाच बघत होती, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. सगळे बघून झाले. एकही बाजूला काढला नाही.

मी विचारलं की काय झालं. ती म्हणाली, सगळे चांगले आहेत. मी तिच्याशेजारी बसलो, गार टाक्याचा फोटो घेतला आणि डागावर बोट ठेवलं. म्हटलं, आणि हे?

"आठे काहीच डाग नही," ती गावाकडच्या बोलीत म्हणाली. "आठे टाका शे. बारीक बारीक लहरी शेतस, एकसारख्या. चांगला शे."

मी उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने बघितलं. तेवढी एक गोष्ट इतक्या दिवसांत मी केली नव्हती. पट्टीच्या दोन्ही कडा दिसत होत्या. टेबलाची रेघ दिसत होती. माझं बोट नखापाशी येऊन विरून जात होतं. मी नजर जिकडे नेत होतो तिकडे तो करडा गोळा आधी जाऊन बसत होता. वर्तमानपत्राची शाई फिकी झाली म्हणून मी पेपरवाल्याशी भांडलो होतो. केंद्रातल्या ट्यूबलाइट बदलून घेतल्या होत्या. पोरांच्या पट्ट्या मी गेले कित्येक दिवस तिरप्या धरून बघत होतो आणि अंगठा फिरवून सांगत होतो, आणि पोरांना वाटत होतं की मास्तरांची ही खास पद्धत आहे. काही पोरं तशाच तिरप्या धरून बघायला लागली होती.

 पुस्तकाचं काही वाटलं नाही, खरं सांगतो. पुढच्या महिन्यात पोरांची परीक्षा होती आणि पट्ट्या मला तपासायच्या होत्या, एवढंच डोक्यात आलं. कुणाचं चांगलं काम मी नापास केलं असेल, कुणाचं पोकळ काम पास करून हजीऱ्याला पाठवलं असेल. आणि त्यानंतर काय? मला दुसरं काही येत नाही. या वयात मला कुणी लूमवरही उभं करणार नाही.

मी तिला म्हटलं, डावाही गेला.  मला वाटलं ती दचकेल, कपाळावर हात मारून घेईल, उद्याच दवाखान्यात चला म्हणेल.  अल्बमची पानं नीट करून तिने तो बंद केला. मग तिने सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी ती मार्केटमधून येताना मी तिला गल्लीच्या तोंडाशी भेटायचो, आणि सरळ तिच्याकडे बघत तिच्या शेजारून निघून जायचो. ती हाक मारायची तेव्हा थांबायचो. पहिल्यांदा तिला वाटलं की मी रागावलोय, काय चुकलं म्हणून ती आठवत राहिली. मग कधीतरी तिने बघितलं की मी चहा कपाच्या कडेला ओततोय, मग बाजूला सांडलेला बोटाने चाचपतोय. तेव्हापासून ती कप माझ्या हातात द्यायला लागली. माझ्या कपड्यांचं, चपलांचं ठिकाण तिने बदललं नाही. मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस?

"माले वाटनं, तुमले माहीत शे," ती म्हणाली. "तुमी सांगं नही, म्हनीसन मी बी बोलनू नही."

मी तिच्याकडे वळलो. साडीचा काठ दिसला, कानातली कुडी दिसली, कपाळावर सुटलेले केस दिसले. मधे काही नव्हतं. ती रडते आहे का हे बघण्यासाठी मला तिच्या बाजूच्या भिंतीकडे बघावं लागलं.